तोच माणूस, नवं थोबाड

बाबा, पिक्चरमधला तो गुप्तहेर आता पुन्हा बदलणार आहे. नाव तेच, काम तेच, नट नवा. यवतमाळला आमच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत सगळे फोनवर त्याचा फोटो पाहत होते. एक जण म्हणाला, लईच कोवळा दिसून राह्यला. दुसरी म्हणाली, पहिलाच बरा होता. तुम्ही असता तर या नव्या माणसाची कोणती गोष्ट सांगितली असती, हेच माझ्या मनात घोळत होतं. आणि त्यामागून तो जुना प्रश्न आला, जो मी तुम्हाला कधी विचारला नाही: तुम्ही गोष्टी सांगणं माझ्यामुळे बंद केलं का?

बोरी अरबला बाजाराच्या दिवशी दुपारी तुम्ही टिनाच्या शेडमध्ये टीव्ही मांडायचात. हिंदी पिक्चर दुसरे लोकही दाखवत, म्हणून तुम्ही इंग्रजी आणायचात. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं, मराठी लिहिणं-वाचणंही सहीपुरतंच. तरी पडद्यावरचा माणूस तोंड उघडतो आणि तुम्ही वऱ्हाडीत सांगता. मला आत्ताही दिसतं. खिडक्यांवर पोती टांगलेली आहेत, आत उकडतं आहे, तुम्ही टीव्हीच्या बाजूला हातात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीची काडी घेऊन उभे आहात. साहेब गुप्तहेराला परदेशी जायला सांगतो, तेव्हा तुम्ही म्हणता, "साहेब म्हने, जाय बापा, पन या खेपेले गाडी सलामत वापस आन." लोक हसतात. पहिली सीडी संपून दुसरी घालेपर्यंत मध्ये काय घडलं असेल तेही तुम्हीच सांगता. बरेचदा ते पिक्चरपेक्षा रंगतदार असायचं.

मी पाचवीत असताना त्या मालिकेचा एक पिक्चर आला आणि त्यात नट बदललेला. पहिल्याच मारामारीत मागून ओरडा झाला.

"हा कोन व्हय बे? आपला गडी कुठी गेला?"

तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. "हा तोच व्हय. दुश्मनायनं वळखलं त्याले. म्हनून सरकारनं डाक्टरकून थोबाड बदलून आनलं. गुप्त मानसाले एकच थोबाड पुरते काय?"

"अन् उची? तेबी डाक्टरनं छाटली?"

"बूट काढले ना बे त्याचे!"

शेड दणाणलं. तेव्हा मी उठून उभी राहिले आणि शाळेत धडा म्हणतात तशा आवाजात म्हणाले, "बाबा, हे खोटं आहे. हा दुसरा नट आहे. पहिल्यानं काम सोडलं, पेपरात आलं होतं." कोणी हसलं नाही. तुम्ही काडी खाली केलीत आणि म्हणालात, "बरं. पोरगी म्हनते तसंच असंल." मग उरलेला पिक्चर इंग्रजीतच चालला. पुढे दोन-तीन बाजार तुम्ही टीव्ही मांडलात, पण बाजूला उभे राहिला नाहीत. मग टीव्हीही बंद झाला. मी बारावीत असताना तुम्ही गेलात.

आमच्या घरात शिकलेली मी पहिली. आता कचेरीत लोकांच्या अर्जांची छाननी करते. तारीख जुळते का, नाव दोन्हीकडे एकच आहे का, हे तीन-तीनदा पाहते. तरी घरी आल्यावर काही सुटलं तर नाही ना, अशी धाकधूक असते. म्हणून कदाचित मला त्या पिक्चरमधल्या कचेरीचं नवल वाटतं. सगळा माणूसच बदलून येतो, आणि साहेब दचकत नाही. कोणी ओळखपत्र मागत नाही. नव्यालाही आधीच्याची सगळी भांडणं ठाऊक असतात. ती त्याला कोण सांगतं? तुमचं उत्तर धरलं तर सगळं जुळतं. थोबाड बदललं, डोकं तेच. इतकी वर्षं मी ज्याला खोटं म्हणत आले, त्याच्याइतकं पटणारं उत्तर मला दुसरं सापडलेलं नाही.

रविवारी मी बोरीला गेले. तेव्हा मागून ओरडणारे, तुमचे कापसाच्या जिनातले सोबती काका, दारातच भेटले. जयभीम झाला. मी फोनवर त्यांना नवा नट दाखवला. त्यांनी फोन लांब धरून पाहिला.

"अजून एकदा आपरेशन केलं वाट्टे," म्हणाले.

"काका, तुम्हाले तवा खरंच वाटलं होतं, तो एकच मानूस हाय म्हनून?"

"येडी झाली का बाई? आमी का आंधळे होतो? आमी तुह्या बापाले आयकाले येत होतो. थोबाड कोन पाह्यते."

मग मी तो जुना प्रश्न विचारला. पाणी पिऊन झाल्यावर, दोनदा शब्द जुळवून. त्यांनी लपवलं नाही. "तुह्यापायीच केलं त्यानं बंद. मले म्हने, आता घरात वाचनारी आली, आता तोंड पाहून बोला लागते."

"हासून म्हनले का रागानं?"

"आता तेवढं कुठी ध्यानात राह्यते, बाई?"

बसमध्ये मी ते वाक्य दोन्ही तऱ्हांनी मनात म्हणून पाहिलं. हसून म्हटलं तरी बसतं, दुखावून म्हटलं तरी बसतं.

बाबा, काकांना मी एक सांगितलं नाही. त्या दिवशी मला खऱ्याखोट्याचं काही पडलं नव्हतं. माझ्या शेजारी वर्गातली एक मुलगी बसली होती, आमच्या गुरुजींची. पहिल्यांदाच आपल्याकडे आली होती. तुम्ही बुटांचं बोललात तेव्हा तीही हसली, आणि मला वाटलं, सगळे तुमच्या बोलण्याला हसतात, ही तुम्हाला हसते. मी तुमच्यासारखी नाही, हे तिला कळावं म्हणून मी उभी राहिले. ती खरंच तुम्हाला हसली होती की बाकीच्यांसारखीच हसली होती, ते मला आजही ठाऊक नाही. तिचा नंबर माझ्याकडे आहे. एवढी चौकशी करणारी मी, तिला मात्र विचारलेलं नाही.