सिस्टरांनी न केलेला नियम

आबा, एक मेच्या सकाळी आपण परेड बघायला जायचो. सायकलच्या नळीवर तुम्ही टॉवेलाची घडी बांधायचात आणि तिच्यावर मला बसवायचात. मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली सायकल लावायची, पोलिसांचा बँड सुरू झाला की मी तुमच्या खांद्यावर, आणि परेड संपली की परतीच्या वाटेवर बर्फाचा गोळा. तुम्ही स्वतःसाठी कधी गोळा घेतला नाहीत. माझा वितळायला लागला की खाली तळवा धरायचात आणि तो गार तळवा मग तोंडावरून फिरवायचात. घरी पोचेपर्यंत तुमच्या मिशा लाल झालेल्या असायच्या. आई विचारायची, परेड पोलिसांची होती का गोळेवाल्याची. त्या सकाळी याहून जास्त काही घडायचं नाही. म्हणून असेल, पण त्या मला स्वच्छ आठवतात आणि आठवताना कुठं टोचत नाहीत.

यंदाच्या एक मेला मी पुन्हा एका मैदानावर होते. आपल्या तालमीची पोरं आता दर वर्षी महाराष्ट्र दिनाला शाळेच्या मैदानावर मुलांची जत्रा भरवतात. सकाळी झेंडावंदन, मग पोत्यातली शर्यत, मर्दानी खेळ, बायकांचे खाण्याचे स्टॉल, ऊन उतरल्यावर झांजपथक. मुलांना सुट्टी लागलेली असते, आजोळी आलेली भाचरं असतात, घरंच्या घरं लोटतात. यंदा त्यांनी ठरवलं की पेठेतल्या जुन्या कारागिरांची आठवण करायची, आणि पहिलं नाव तुमचं निघालं. कमानीवर तुमचा फोटो, खाली चुलीवर पसरट तई आणि तीत जिलेबी. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला आपल्याकडं कोपऱ्याकोपऱ्यावर जिलेबी तळतात हे तुम्हाला मी काय सांगायचं, पण एक मेला कोण तळतंय? रांगेतले एक म्हातारे तळणाऱ्याला म्हणाले, "पावणं, क्यालेंडर चुकलं काय तुमचं?" त्यानं झारा तुमच्या फोटोकडं केला. म्हणाला, "क्यालेंडर बघून न्हाई, त्यास्नी बघून तळतोय." तिथंच उभं राहून मला तुमच्याविषयी बोलायचं होतं. कोणती गोष्ट सांगायची, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. तालमीचा अध्यक्ष एवढंच म्हणाला, की आत्या, तीच सांगा, सिस्टरची.

ती गोष्ट आधी तुम्ही सांगायचात, तुमच्यानंतर दादा सांगतो. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदन करून आलो की दादाच्या घरी वर्तमानपत्र पसरतात, मधे जिलेबीचा पुडा सोडतात, भोवती पोरं बसतात आणि दादा सुरू करतो. पोरांनो, तुमच्या या आत्याआजीच्या कॉन्व्हेंटात नियम होता, बाहेरचं खाणं फाटकाच्या आत न्यायचं नाही. आबा बुट्टीभर जिलेबी घेऊन गेले, नियम कळल्यावर एका शब्दानं कुरकुर न करता मागं फिरले, आणि सिस्टरांनी त्याबद्दल त्यांना आभाराचं पत्र धाडलं. मग दादा बोट वर करून म्हणतो, नियम म्हंजे? आणि पोरं ओरडतात, नियम. मी जिलेबी हातात धरून सगळ्यांच्या बरोबर हसते. इतकी वर्षं हसते आहे.

तो नियम सिस्टरांनी केला नव्हता आबा. तो मी केला होता, फाटकापाशी, तुम्हाला येताना बघितल्यावर.

मी नववीत होते. जुलैमध्ये माझा डबा घरी राहिला होता तो तुम्ही द्यायला आलात आणि व्हरांड्यात मोठ्या सिस्टर भेटल्या. काय करता, असं त्यांनी त्यांच्या मोडक्या मराठीत विचारलं. तुम्ही सांगितलंत, एरवी लग्नाकार्यात आचारी, झेंड्याच्या दोन दिवशी पेठेच्या कोपऱ्यावर जिलेबी. सिस्टर म्हणाल्या, मग पंधरा ऑगस्टला आमच्या मुलींसाठी आणा, त्या दिवशी आमच्या मेरीमातेचाही सण असतो, दोन्हींचं तोंड गोड होईल. त्या दिवशी तुम्ही सायकल हातात धरून, चालतच घरी आलात. वाटेत भेटेल त्याला सांगत आला होतात.

मग तुमचे प्रश्न सुरू झाले. पोरींचे कपडे पांढरे असतात का. उभ्यानं खातात का बसून. सगळ्यात लहान पोरगी केवढी. मी तुटक उत्तरं देत होते. तुम्ही ठरवलंत की जिलेबी रुपयाएवढीच पाडायची, लहान पोरीच्या एका घासाची, आणि पाक जरा जास्त आटवायचा, म्हणजे पांढऱ्या फ्रॉकवर ओघळणार नाही. रुपयाएवढी जिलेबी पाडायला हात फार जपून फिरवावा लागतो. आठवडाभर तुम्ही दुपारी परातीत पाणी घेऊन फडक्यातून नुसतं पीठ सोडून सराव करत होतात. मी आतल्या खोलीत बसून वर्गातल्या मैत्रिणींना मारलेली थाप आठवत होते. एकीचे वडील डॉक्टर, एकीच्या वडलांची फाउंड्री. मी फाडफाड इंग्रजीत सांगितलं होतं की माझे वडील केटरिंगच्या बिझनेसमध्ये आहेत, आमची मिठाईची दोन दुकानं आहेत. आता फाटकातून तुम्ही येणार होतात, बनियनवर, दंडावर तेलाचे चट्टे, आणि आपल्या पेठेत बोलता त्याच आवाजात सगळ्या शाळेला हाका मारणार होतात.

पंधरा ऑगस्टला भुरभुर पाऊस आहे. मुली ओळीनं मैदानाकडं चालल्या आहेत आणि मला फाटकाबाहेर तुमची सायकल दिसते. मागं बुट्टी बांधलेली, वर केळीचं पान, त्याच्यावर धुतलेलं पांढरं फडकं. तुम्ही बनियनवर नाही. लग्नात घालायचा सदरा घातलाय, डोक्याला फेटा आहे. हे बघून खरं तर माझा जीव विरघळायला हवा होता. पण मला त्या फेट्याचीच जास्त लाज वाटते. मी ओळ सोडून धावत जाते आणि सांगते, "आबा, सिस्टर म्हणाल्या, बाहेरचं खाणं आत चालत नाही. नियम आहे."

तुम्ही फडक्याचं टोक धरून उभे राहिलात. म्हणालात, त्या तर स्वतःच म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, त्यांच्या वरच्यांनी सांगितलं. वरच्यांनी म्हटल्यावर तुम्ही मान हलवलीत. कुणाच्याही वर कुणीतरी असतं, हे तुम्हाला लग्नाच्या मांडवात रोज दिसत होतं. मग विचारलंत, पोरींना काय देणार. पेपरमिंटच्या गोळ्या, मी सांगितलं. "झेंड्याच्या दिवशी पेपरमिंट?" असं म्हणून तुम्ही हसलात. मग एक जिलेबी काढून माझ्यापुढं धरलीत. मी म्हटलं, हात चिकट होतील. "न्हाई व्हनार. पाक आटवलाय की," तुम्ही म्हणालात. मी मागं बघत होते, कुणी बघतंय का. ती जिलेबी मी घेतली नाही. तुम्ही ती परत पानाखाली ठेवलीत, पान नीट केलंत आणि सायकल वळवलीत.

झेंडावंदन झालं. सिस्टर माझ्याकडं आल्या आणि हळू विचारलं, वडील आले नाहीत का, मी मुलींना थांबायला सांगितलंय. मी म्हटलं, त्यांना ताप आलाय. मला वाटलं, संपलं. पण सिस्टर पायऱ्या चढल्या, माइकपाशी गेल्या आणि आमच्यासाठी जिलेबी आणणारे एक वडील आजारी आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करूया, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. आबा, साऱ्या शाळेनं तुमच्यासाठी हात जोडले. बालवर्गातल्या पोरींनी डोळे गच्च मिटले होते. माझ्या शेजारची डॉक्टरांची मुलगी कुजबुजली, कुणाचे गं वडील? मी म्हटलं, माहीत नाही. आणि त्याच वेळी तुम्ही दोन गल्ल्या पलीकडं तईसमोर उभे होतात, ठणठणीत, आणि त्या रुपयाएवढ्या जिलेब्या पेठेतल्या पोरांना फुकट वाटत होतात.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी तुमच्यासाठी चिठ्ठी दिली. ती मी वाटेत फाडू शकले असते. पण फाटकावरच्या पहारेकरी मामांनी चिठ्ठी आल्याचं माझ्या आधी तुम्हाला सांगितलं होतं, तुम्ही कोपऱ्यावरचा स्टॉल उचलत होतात तिथं जाताना थांबून. मी घरी आले तेव्हा तुम्ही हात धुऊन बसला होतात. "वाच," म्हणालात. तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं की तुम्हाला ताप आहे असं मुलीकडून कळलं, सगळ्या शाळेनं तुमच्यासाठी देवाकडं मागितलं, आणि बरे झालात की जिलेबी घेऊन जरूर या, लहान मुली अजून विचारतात. मी कागद समोर धरला आणि मराठीत वाचून दाखवलं, की तुम्ही नियम पाळलात, वाद घातला नाहीत, याबद्दल शाळा आभारी आहे, असे पालक सगळ्यांना मिळोत. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. म्हणालात, परत वाच. मी परत वाचलं. तुम्ही म्हणालात, "पालकांचं गाळलंस की शेवटचं." एकदाच ऐकलेलं तुम्हाला पाठ झालं होतं.

त्यानंतर तुम्ही शाळेत पाऊल टाकलं नाहीत. सिस्टरांना मी सांगितलं की आबा परगावच्या लग्नांत गुंतलेत, आणि पुढच्या जूनमध्ये सिस्टरांचीच बदली झाली. दहावीला मला बक्षीस मिळालं, तेही मॉरल सायन्सचं, पालकांना बोलावणं होतं. तुम्ही आलात, पण फाटकाबाहेर सायकलला टेकून उभे राहिलात. मामा आत या म्हणत होते. तुम्ही त्यांना म्हणालात, "ऱ्हाऊ द्या. भाईरचं चालत न्हाई न्हवं. मी बी भाईरचाच की." अगदी सहज म्हणालात. त्यात राग नव्हता. मी बक्षिसाचं पुस्तक घेऊन तिथंच आले होते आणि मी ते ऐकलं. तेव्हा सांगता आलं असतं. तुम्ही त्यानंतर सोळा वर्षं होतात, तेव्हाही रोज सांगता आलं असतं. पण तोवर ती तुमची गोष्ट झाली होती. पाहुणे आले की तुम्ही ती सांगायचात आणि शेवटी माझ्याकडं बघायचात, साक्षीदार म्हणून.

यंदा एप्रिलमध्ये तुमचा फोटो शोधताना दादानं पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात स्टॉलच्या परवानगीच्या कागदांत ती चिठ्ठी निघाली. तुम्ही गेल्यावर मी ती पुष्कळ शोधली होती. दादाला इंग्रजी हस्ताक्षर लागत नाही, त्यानं ती कौतुकानं आपल्या नातीला दिली, की स्टेजवर तू वाच. ती पाचवीत आहे, माझ्याच शाळेत. तिनं तिथंच बसून ती मनातल्या मनात वाचली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आत्याआजी, यात नियम कुठंय? यात तर पणजोबांना ताप आलाय."

दादा विचारत होता, काय म्हणते गं ती. मी चिठ्ठी तिच्या हातातून घेतली. म्हटलं, ही त्या वर्षीची नव्हे, पुढच्या वर्षीची असणार, ती दुसरी कुठं गहाळ झाली. सिस्टरांनी तारीख घातली होती, वर्ष घातलं नव्हतं, आणि पुढच्या वर्षी त्या इथं नव्हत्याच हे दादाला माहीत नव्हतं. दादा म्हणाला, आला असंल एकदा ताप, आपल्याला काय आठवतंय. पोरीनं मान हलवली. मी साठी ओलांडलेली बाई आहे आबा, आणि खोटं बोलायला मला नववीत लागला होता तेवढाही वेळ लागला नाही.

एक मेला मी स्टेजवर ती गोष्ट सांगितली. जातानाच्या पायऱ्यांवर ठरवलं होतं की खरं सांगायचं. पण पुढं दादा बसला होता, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, फेटा बांधून, ओठ माझ्या शब्दांच्या आधी हलवत. मी सांगितली, आणि चांगली सांगितली. पेपरमिंटवर लोक हसले. शेवटी मी बोट वर केलं तेव्हा सगळं मैदान ओरडलं. दादाची नातही सगळ्यांबरोबर ओरडत होती. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता, तुम्ही ठेवलात तसाच.

तर माझ्यामागं कुणाला काय द्यायचं, ते लिहून ठेवते. तालमीनं स्टेजवर मला पांघरलेली शाल वहिनीला द्यायची, तिनं त्याच दिवशी दोनदा हात फिरवून पोत बघितला होता. बक्षिसाचं पुस्तक कुणाला देऊ नये, रद्दीत घालावं. सिस्टरांची चिठ्ठी दादाच्या नातीला द्यायची, आणि तिनं ती दादाजवळ बसून त्याला मराठीत सांगायची, ताप आणि प्रार्थनेसकट. मग तो विचारेल की नियम होता कुणाचा. तेव्हा हे पत्र त्याच्या हातात द्यायचं. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा आहे. माझ्यामागं हे ऐकायला तो असण्याचा संभव फार थोडा, हे मला कळतं आबा, आणि कळूनच मी "माझ्यामागं" असं लिहिलं आहे.