एक घंटी थांबण्याची

८ फेब्रुवारी, संध्याकाळी साडेसहा
खात्याचं विश्रामगृह, खोली नंबर चार

प्रिय मास्तर,

नमस्कार. मी बरा आहे. तूही बरा असशील असं धरून चालतो. आईंना माझा नमस्कार सांग. आई आहेत ना? हे मला विचारावं लागतंय, यातच सगळं आलं.

एकोणीस वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणाचं लग्नही निघालेलं नाही. अक्षर तू ओळखलं असशीलच. माझा रिपोर्ट वाचून तू म्हणायचास की हे तू लिहिलंस की शाईत पाय बुडवून कोंबडी फिरली. कोंबडी अजून तशीच आहे, फक्त म्हातारी झाली.

बातमी अशी, की तुझा पायलट आज खरोखरच विमानात बसला. अकरा वर्षं आपण एकाच बसवर काढली, मी स्टिअरिंगवर आणि तू तिकिटांची पेटी घेऊन मागे. उतारावर मी गाडी जरा मोकळी सोडली की तू मागून ओरडायचास, "पायलट, चाकं जमिनीवर असू दे." ते नाव साऱ्या डेपोत झालं होतं. तू डेपोतून गेलास आणि ते नावही कुणी घेईना.

तिकीट खात्यानं काढलं. कशासाठी, ते सांगतो नंतर.

विमानतळावर पहिला घोळ झाला तो पान्याचा. दहा-बाराचा माझा पाना तुला आठवत असेल, कायम पँटच्या खिशात. मशिनमधून जाताना तो वाजला. तपासणीवाल्यानं विचारलं, हा विमानात कशाला? मी सहज बोलून गेलो, वाटेत काही बिघडलं तर असावा. तो हसला नाही. पाना त्यानं एका डब्यात टाकला आणि मला पट्टा, घड्याळ, बूट सगळं काढायला लावलं. एका हातानं पँट धरून आणि दुसऱ्या हातात बूट घेऊन मी पलीकडे गेलो, तेव्हा सत्तावन्न वर्षांचा माणूस म्हणून मला माझीच कीव आली.

पण खोटं कशाला बोलू, मजाही वाटत होती. बायकोनं नवा शर्ट घेतला होता, त्याची घडी मोडू नये म्हणून मी खुर्चीत ताठ बसलो होतो. खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक बाई होत्या, दाताच्या डॉक्टर. त्यांना मी तीनदा विचारलं की पट्टा बरोबर लागलाय ना. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच ओढून बघितला. मी चाकं शोधत होतो, टायर कसे आहेत ते बघायला. खिडकीतून पंखच दिसत होता, त्याचे पत्रे थोडे थोडे हलत होते. आयुष्यभर चाळीस-पन्नास माणसं माझ्या भरवशावर झोपा काढत आली, आणि मला कुणाच्या भरवशावर पाच मिनिटं बसवेना.

विमान धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन थांबलं. आणि छतातून आवाज आला, टिंग टिंग. दोन. पुढे उभी असलेली हवाई सुंदरी चटकन आपल्या जागेवर बसली आणि मग विमान सुटलं.

आपली निघायची डबल बेल, मास्तर. इतकं मोठं यंत्र, पण घंटीशिवाय हलत नाही.

त्यानंतर अर्धा तास मी खिडकीबाहेर बघितलं नाही. डॉक्टरबाईंना वाटलं मी घाबरलो. त्यांनी गोळी दिली, ती मी चघळली.

उतरताना मात्र गंमत झाली. जमीन वर यायला लागली आणि माझा उजवा पाय आपोआप ब्रेकवर गेला. ब्रेक कुठला, पुढच्या सीटखाली ठेवलेली माझीच पिशवी. आत बायकोनं दिलेला डबा होता, तो चेपला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ड्रायव्हर का तुम्ही?" मी हो म्हणालो. किती वर्षं? तीस. अपघात वगैरे? मी म्हणालो, कानात दडे बसलेत, ऐकू येत नाही.

दाराशी त्यांचा पायलट उभा होता, चाळिशीचा, डोळे तांबारलेले. मी विचारलं, आज कितवी फेरी, साहेब? तो म्हणाला तिसरी, अजून एक आहे. तसे डोळे मी आरशात पाहिलेत. "झोप घेत चला," एवढंच म्हणालो आणि उतरलो.

हात दुखतोय. उद्या लिहितो.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ

मास्तर, काल मी तुला टाळलं. पानभर विमान उडवलं आणि मुद्द्याच्या वरून निघून गेलो. आता सांगतो.

मला पदक मिळालं. तीस वर्षं विनाअपघात सेवा. साऱ्या खात्यातून आम्ही पाच जण निवडले गेलो, म्हणून विमानाचं तिकीट. सभागृहात गार हवा, मऊ खुर्च्या, पुढे मोठे साहेब. माझं नाव पुकारलं तेव्हा निवेदिका म्हणाली की यांच्या हातून तीस वर्षांत एका माणसालाही खरचटलेलं नाही.

ती म्हातारी मला त्या मंचावरच दिसली. बाजाराच्या थांब्यावर, मागच्या दारातून उतरणारी.

तुला काय सांगायचं, तू तिथेच होतास. पण मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि कुठेतरी ते माझ्या हातानं लिहिलं गेलं पाहिजे. मी सलग तिसरी ड्यूटी करत होतो. डोळ्यांवर झापड होती. तू खाली उतरून म्हातारीचं गाठोडं धरत होतास. घंटीच्या दोरीला तुझा हात लागलेलाच नव्हता. एक घंटीही वाजली नाही, दोन तर लांबच. मी डुलकीतून जागा झालो, वाटलं घंटी झाली असणार, आणि गियर टाकला. तिचा एक पाय पायरीवर होता, एक रस्त्यावर. खुबा मोडला. ती पुढे काठी घेऊन चालायची.

चौकशीच्या दिवशी व्हरांड्यात तू मला बाजूला घेतलंस. गाडी उशिरा आणल्याचे दोन ठपके माझ्यावर आधीच होते, तिसऱ्याला घरी बसावं लागलं असतं. तू म्हणालास, "तुझ्या घरी तीन लेकरं आहेत. मी आणि आई, आमचं कसंही भागेल. चार-सहा महिने घरी बसवतील, दुसरं काय करणार आहेत?" आणि मी म्हणालो होतो, "तू परत आला नाहीस तर मी स्वतः जाऊन खरं सांगेन." आत साहेबांनी विचारलं, घंटी दिली होती? तू माझ्याकडे बघून म्हणालास, "दिली." मग त्यांनी मला विचारलं, आणि मी मान हलवली.

तुला बडतर्फ केलं. मी करून सवरून नामानिराळा. आधी म्हटलं मोठीचं शिक्षण होऊ दे, मग धाकट्याचं आजारपण, मग घर. कारणांना काय तोटा.

पण तुला खरं सांगू का? गप्प बसलो त्यापेक्षा पुढे जे वागलो त्याची मला जास्त लाज वाटते. तू हमरस्त्याच्या नाक्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलंस, आणि सहा वर्षांपूर्वी मला नेमका तोच रूट मिळाला. गाडी तिथे चहाला दहा मिनिटं थांबते. सगळे उतरतात. मी केबिनमध्येच बसून चहा मागवतो, नव्या कंडक्टरला सांगतो गुडघे दुखतात. एकदा तू चाक फिरवता फिरवता मान वर करून सरळ बसकडे पाहिलंस. मी सीटखाली वाकलो, काहीतरी पडल्यासारखा. दोन मिनिटं वाकून होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात सहा वर्षं ते मावळलं नाही.

आज मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी ठरवून उठलो होतो, बायकोची शपथ. माइक हातात घेतला आणि म्हणालो, "या पदकात अर्धा वाटा माझ्या कंडक्टरचा आहे." पुढचं वाक्य तोंडात होतं. तेवढ्यात टाळ्या पडल्या. मोठे साहेब उठून उभे राहिले, म्हणाले, बघा, मनाचा मोठेपणा याला म्हणतात. आणि मी खाली बसलो.

खरं बोलायला उठलो होतो, वाहवा घेऊन बसलो. मास्तर, मी थकलो रे. गाडी चालवून नाही थकलो.

१० फेब्रुवारी, दुपारी तीन
बस स्टँड, फलाट सहा

सकाळी दहाला मी कार्मिक विभागात गेलो. तिथल्या बाई वयानं माझ्या मोठीएवढ्या असतील. फायलींवर सह्या करत होत्या, म्हणाल्या बोला. मी पदकाची डबी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, तिसऱ्या ड्यूटीपासून व्हरांड्यापर्यंत. त्यांची सही मध्येच थांबली. त्यांनी विचारलं, "तुमचे चार महिने राहिलेत. आता का सांगताय?"

त्यांना काय सांगणार, विमानात घंटी वाजली म्हणून? मी म्हणालो, "दोघांचं ओझं एकानं वाहिलं, बाई. आता माझ्याच्यानं बघवत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग दोन कोरे कागद आणि कार्बन पुढे सरकवला. लेखी द्या म्हणाल्या. मी दिलं. माझी चौकशी होईल, निवृत्तीचे कागद अडकतील, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. तुझं वय उलटलंय, त्यामुळे नोकरी परत मिळणार नाही. पण तुझ्या नावापुढचा तो शेरा काढता येईल, त्यासाठी त्या स्वतः वर लिहिणार आहेत. होईलच असं नाही म्हणाल्या. जबाबाची कार्बन प्रत सोबत जोडली आहे. खाली माझी सही आहे, बिल्ला नंबर आहे. खोडाखोड एकच आहे, "नजरचुकीने" असं लिहिलं होतं, ते खोडून "झोपेत" केलं.

मग घरी फोन केला. बायको ऐकून घेत होती. मला वाटलं, रडेल किंवा ओरडेल. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं तुमचं काहीतरी आहे ते. झोपेत घंटी घंटी करता. या आता घरी." मी म्हणालो, उद्या येईन, बसनं येतो. तिनं का म्हणून विचारलं नाही.

परतीचं विमान दुपारचं होतं, ते सोडलं. बाई म्हणाल्या, तिकीट तुमच्या नावावर आहे, वापरा, त्यात काही चूक नाही. चूक नाही हे मलाही कळतं. पण विमान तुझ्या नाक्यावर थांबत नाही.

हे पाकीट चारच्या बसच्या कंडक्टरकडे देतोय, पोरगी आहे, चुणचुणीत वाटली. सकाळी सात वाजता तू दुकान उघडतोस तेव्हा ती तुझ्या हातात ठेवेल. मी संध्याकाळी सातच्या गाडीनं निघतोय, म्हणजे सकाळी दहाच्या सुमाराला नाक्यावर असेन. तीन तास पुरतील तुला. कोंबडीचं अक्षर लावायला वेळ लागेल हे धरून.

माफी मागत नाही. मी मागितली की तू देऊन टाकशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि पुन्हा तूच देणारा ठरशील. ते नको.

एवढंच करायचं. गाडी दहा मिनिटं थांबेल. मी पुढच्या दाराजवळ बसलेला असेन, पिशवी मांडीवर, आणि या वेळी वाकणार नाही. तुझ्या दुकानात घंट्यांची काय कमी. एक घंटी दिलीस तर मी खाली उतरेन. दोन दिल्यास तर बसून राहीन, गाडी निघेल तसा निघून जाईन, आणि तुला दोष देणार नाही.

पण दे, मास्तर, एक किंवा दोन. घंटी झाली असणार असं मी आता मनानं धरणार नाही.

तुझ्या घंटीसाठी थांबलेला,
तुझा ड्रायव्हर