सांगितलं तेच लिहिणारी

दि. १४ जून

प्रिय चिमणे,

मायना काय लिहावा यातच सकाळ गेली. शेवटी लहानपणचीच हाक लिहून टाकली. पन्नाशीला आलेल्या बाईला चिमणी म्हणणारा आता मी एकटाच उरलो असेन, तेव्हा रागावू नकोस.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ अजून ठणठणीत आहे, असं तिचंच म्हणणं. आपल्या जिन्यातला दिवा मध्यंतरी बरेच दिवस बंद होता. मला त्याचं काय! पण वरच्या मजल्यावरचे काका रोज संध्याकाळी माझ्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरायचे. आंधळ्याने डोळसाला वाट दाखवली, ही गोष्ट वर्गात सांगितली तर मुलं लोटपोट हसली.

हे पत्र मी स्वतः टाइप करतोय. लिहीन तो शब्द संगणक मला वाचून दाखवतो. 'चिमणे' असं त्याने म्हटलं ते एखाद्या आरोपीला पुकारावं तसं.

शाळेतली मोठी बातमी म्हणजे या वर्षी बोर्डाने परीक्षेची पद्धत बदलली. न दिसणाऱ्या मुलांनी आता लेखनिक घ्यायलाच हवा असं नाही. संगणक प्रश्न वाचतो, मूल हेडफोन लावून ऐकतं आणि उत्तर स्वतः टाइप करतं. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं, जणू पद्धत मीच शोधून काढली.  मला मात्र क्रीडासाहित्याची ती खोली आठवत होती.

तुलाही आठवत असेल. आपण दोघं बोलणार, इतरांना त्रास नको, म्हणून आपल्याला तिथे बसवलं होतं. रबरी चेंडूंचा आणि जुन्या चामड्याचा वास. पर्यवेक्षक म्हणून शिवणाच्या बाई. त्यांच्या विणकामाच्या सुयांची टिकटिक सगळा वेळ चालू. मी दहावीत, तू नववीत, कारण लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा असा नियम. गणितात तू माझ्या कितीतरी पुढे होतीस, हे नियम करणाऱ्यांच्या गावीही नव्हतं.

आणि बोर्डाला त्याच वर्षी हुक्की आली होती! पुस्तकातली गणितं विचारायची नाहीत, मुलांना डोकं चालवायला लावायचं. मी तर अख्खं पुस्तक घोकून बसलो होतो. होडीचं गणित आलं. प्रवाहाच्या दिशेने जाणाऱ्या होडीचा वेग काढताना मी ठणकावून सांगितलं, "होडीचा वेग उणे प्रवाहाचा वेग." तुझं पेन थांबलं.

"पुन्हा सांग," तू म्हणालीस. एवढंच विचारायची तुला मुभा होती.

"उणे. लिही ना, वेळ चाललाय."

सुयासुद्धा थांबल्या होत्या. मग पेन कागदावरून सरकल्याचा आवाज आला, आणि मला वाटलं, चला, एक गणित मार्गी लागलं.

निकाल लागला तेव्हा मी गणितात थोडक्यात आपटलो होतो. जिन्यात तुला गाठलं.

"तुला कळलं होतं ना, बेरीज करायची ते?"

"हो."

"मग?"

"मग काय? पेपर तुझा होता."

सगळी सुट्टी मी तुझ्याशी बोललो नाही. फेरपरीक्षेसाठी बाबांनी बेकरीवाल्याच्या मुलाला तयार केलं. मोठा मनकवडा निघाला तो! सराव परीक्षेत मी अर्धं वाक्य सांगायचो, पुढचं तो आपल्या मनाने लिहायचा. मला जन्मात पडले नव्हते एवढे मार्क पडले. घरात आनंदीआनंद. मी गणिताच्या सरांना विचारलं, "यातलं माझं किती?" ते म्हणाले, "तुला पास व्हायचंय की नाही?"

दुसऱ्या दिवशी मी तुमचं दार वाजवलं. तूच उघडलंस.

"फेरपरीक्षेला बसशील माझ्याबरोबर?"

"पुन्हा चुकलास तर पुन्हा चुकीचंच लिहीन."

"म्हणून तर आलो."

त्यानंतर तू मला जे झोडपून काढलंस, ते बोर्डालाही जमलं नसतं. रोज संध्याकाळी जिन्यात बसून तू गणितं वाचायचीस आणि मी चुकलो की काही न बोलता तेच गणित पहिल्यापासून पुन्हा वाचायचीस. तुमच्या आईने हाक मारली तरी उठायची नाहीस. मी पास झालो. मार्क बेताचेच होते, पण ते माझे आहेत का, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

तर, बोर्डाने नव्या पद्धतीबद्दल आम्हा काही शिक्षकांची मतं मागवली, तेव्हा मी तावातावाने लेखनिकाच्या बाजूने लिहिलं. माणसाची जागा यंत्र कसं घेईल, वगैरे. हे दहावीतल्या एका मुलीच्या कानावर गेलं. तिलाही दिसत नाही. वाद घालण्यात कुणाला हार जात नाही, म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणतात. ती तडक माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, तुम्हाला तुमची मैत्रीण मिळाली. मला कोण मिळालं माहितीये? सहामाहीला एकजण आली, ती पेपरभर जांभया देत होती. पूर्वपरीक्षेला दुसरी. मी एक सांगायची, ती दुसरंच लिहायची. तुमच्यासारखं नशीब सगळ्यांनी कुठून आणायचं? मला चुकायचंय ते माझ्या हाताने चुकू द्या."

 तुझी आठवण नियम करून सगळ्या मुलांच्या गळ्यात बांधायला निघालो होतो मी. बोर्डाला नवं पत्र पाठवलं आणि शाळा सुटल्यावर तिला टायपिंग शिकवायला बसलो.

या वर्षीही गणिताचा पेपर अवघडच होता. डोळस मुलं रडत बाहेर आली. हिचा संगणक मध्येच बंद पडला. हिने शांतपणे हात वर केला, तो सुरू करून घेतला आणि गेलेला वेळ वाढवून मागितला. बाहेर आली ती हसतच. "सर, एक गणित चुकलं. दारातून बाहेर पडताना लक्षात आलं!" परवा निकाल लागला. वकीलबाई पास. तिच्या वडिलांनी मला मिठी मारली, त्यात माझा काळा चष्मा वाकला.

चिमणे, इथपर्यंत वाचलंस, तर मी काय टाळतोय ते तुला कळलंच असेल.

डॉक्टरसाहेब गेल्याचं मला हिवाळ्यातच कळलं. तुझा दादा भाजी घेताना भेटला, त्याने सांगितलं. घरी येऊन मी लगेच पत्र लिहायला बसलो. 'ऐकून फार दुःख झालं' एवढं लिहिलं. ते संगणकाने वीजबिल वाचावं तसं वाचून दाखवलं, आणि मी ते पुसलं. दुसऱ्यांदा बसलो तो पत्त्यापाशीच अडलो. इतकी वर्षं तुझ्या नावाआधी 'सौ.' लिहीत आलो. ते आता लिहिता येईना आणि 'श्रीमती' लिहवेना. फोनही लावला होता, दोनदा. तुझा आवाज आला आणि मी ठेवून दिला.

डॉक्टरसाहेब मला मनापासून आवडायचे. पहिल्या भेटीत त्यांनी माझा हात ओढला नाही, नुसतं आपलं कोपर पुढे केलं. न दिसणाऱ्याला कसं न्यायचं, हे त्यांना तूच शिकवलं असणार. त्या दिवसापासून त्यांचा हेवा करणंही मला नीट जमलं नाही.

हेवा म्हणालो खरा. तुझ्या लग्नाला मी आलो नाही, तेव्हा मला ताप आहे असं आईने सगळ्यांना सांगितलं होतं. मला ताप नव्हता. यावर आता काही बोलायचं नाहीये, फक्त तुला ठाऊक असावं.

येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने मी तुझ्याकडे येतोय. तिकीट काढलंय. समजूत घालणं मला जमत नाही, ते मी करणार नाही. बोललीस तर ऐकेन, नाही बोललीस तर तू घरातली कामं करत असताना जवळ बसून राहीन. मी यायला नको असेल तर शुक्रवारपर्यंत कळव. मला वाईट वाटणार नाही, असं लिहिणार होतो; पण वाटेल. तरीही कळव. काही कळवलं नाहीस तर मी निघालो असं समज. स्टेशनवर मुलाला पाठवू नकोस, तूच ये.

आजवरची पत्रं तुम्हा दोघांना असायची, म्हणून खाली 'आपला' असं लिहायचो. हे तुला एकटीला आहे.

तुझा