कपाटाखालची पाचर

९ तारीख, मंगळवार

वही, माफ कर. अठरा दिवस तुला हात लावला नाही. लावायला हातच नव्हता — उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. आजपासून डाव्या हाताने लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

डॉक्टरला सांगितलं, दुकानातलं कपाट हातावर पडलं. तो म्हणाला, "आजोबा, या वयात कपाटांशी कुस्ती नको." मी हसलो. शेजारी जावई उभा होता, तोही हसला.

तुझ्याशी कशाला खोटं बोलू. मनगट जावयाने मोडलं. साखळीने.

१० तारीख

लिहून टाकतो, नाहीतर डोक्यात घुमत राहतं.

आमचा जुन्या सामानाचा धंदा. मेजं, कपाटं, चिनी मातीच्या बरण्या. पण खरं जुनं लाकूड आता कुठून आणायचं? म्हणून मागच्या खोलीत नव्याचं जुनं करतो. सायकलची साखळी दुहेरी धरायची, नव्या मेजावर हाणायची, वर काळपट पॉलिश चोळायचं. जावयाला हे मीच शिकवलं. "मनगटातून नाही, जोर खांद्यातून येऊ दे," असं म्हणालो होतो.

त्या दिवशी चिमणी — माझी लेक, चाळिशीला आली तरी मला चिमणीच — फुटलेल्या बरणीचे तुकडे वेचत होती. वाकली तशी पाठ दिसली. पाठीवर दोन-दोन ठिपक्यांची लांब रांग. म्हणाली, "जिन्यावरून पडले, बाबा." जन्मभर मी मार ओळखत आलोय. पडलेली वस्तू कोपऱ्यावर ठेचते. सपाट जागेवर अशी रांग फक्त साखळी उठवते. माझी साखळी.

मी ती हिसकायला गेलो. तो म्हणाला, "जोर खांद्यातून ना, मामा?" आणि हाणली. मनगट काटकीसारखं वाजलं. चिमणी मध्ये पडली, तिला आणखी चार बसल्या.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. हा दांडा मी स्वतः तासला.

११ तारीख

आज त्याने मोठी बरणी भिंतीवर आपटली. चिमणीच्या कानाला चाटून गेली. मग तीच गोंद घेऊन सांधायला बसली, ओठावर रक्त तसंच.

१२ तारीख, शुक्रवार

एक बाई मेज बघायला आल्या. ओरखड्यांवरून बोट फिरवून म्हणाल्या, "किती सोसलंय हो याने." जावई म्हणाला, "तीन पिढ्यांचा वापर, मॅडम." मेज गेल्या महिन्यातलं! चिमणी पाठ भिंतीला लावून उभी होती.

बाई गेल्यावर तिला म्हणालो, तू निघून जा. म्हणाली, "मी उंबरा ओलांडला तर तुमचं डोकं फोडीन म्हणालाय." मला त्याने नेमकं उलटं सांगितलंय — मी तोंड उघडलं तर तिचं फोडेल. दोघांनाही एकाच दाव्याला बांधलंय.

१४ तारीख

दुकानाची जमीन पुढे उतरती आहे. म्हणून उंच कपाटांच्या पुढच्या पायांखाली लाकडाची पाचर असते. सगळ्यात मोठं आरशाचं कपाट, हलवायला चार माणसं लागतात. जावई रोज सकाळी त्याच्यासमोर बैठक मारतो, खालचे जड खण ओढून पुसतो. त्या कपाटाला इतर कुणाला हात लावू देत नाही.

आज दुपारी मी त्याची पाचर काढली. कपाट कण्हलं आणि जरासं पुढे झुकलं.

वळलो तर दारात चिमणी. माझ्या हातातल्या पाचरीकडे बघत होती.

१५ तारीख

नाही जमलं. गिऱ्हाईकाचं पोर गेलं जवळ तर? चिमणीच गेली तर? जावई उठायच्या आत पाचर परत बसवली. डाव्या मुठीने ठोकली, दोनदा हलवून पाहिली. घट्ट होती.

चिमणी म्हणाली, "भ्यालात, बाबा?"

"तू पुसायला गेली असतीस तर?"

"ते कपाट कोण पुसतं, मला माहीत आहे."

१७ तारीख, बुधवार

काल सकाळी कपाट पडलं. जावई खाली होता. चौघांनी उचललं तोवर संपलं होतं. आरशाच्या काचा त्याच्या मानेत. पॉलिशवर रक्त.

मी पोलिसाला सांगणार होतो, पाचर मी काढली. त्याने आधी माझ्या प्लास्टरकडे पाहिलं. "मागे तुमच्या हातावर पडलं ते हेच का, आजोबा?" माझी मान हलली. त्याने तसंच लिहून घेतलं.

चिमणी त्या गडबडीत निघून गेली. कुठे, माहीत नाही.

आता वही उघडली, तर पंधरा तारखेच्या पानात पाचर ठेवलेली.

चिमणे, पाचर चुलीत घातली. ती मीच काढली होती, कुणी विचारलं तर एवढंच. पोचलीस का? दोन ओळी तरी धाड गं, लवकर.