एल्रॉयला सांगू नये

सॅन अँटोनियो,
९ नोव्हेंबर १९९४

ती. लिओनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनच करणार होतो, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तुझा एक कान गेलाय, मग दोघंही नुसते ओरडत बसतो. पीचच्या मुरंब्याची बरणी पोचली. डोरिसला वाटतंय ती अजून भरलेली आहे. तिला काही बोलू नकोस.

आता मुद्द्याचं. शनिवारी, हंगामाच्या पहिल्याच सकाळी, तू मचाणावरून जो हरणाचा नर पाडलास त्याचा फोटो सगळ्यांच्या हातात फिरतोय. काटकुळी शिंगं आणि त्यांना सहाच टोकं. ताई, आपण आठ घरांनी मिळून शिकारीसाठी हे रान भाड्यानं घेतलंय आणि त्यात नियम एकच: पाच वर्षांखालचा नर पाडायचा नाही. पहिली चूक झाली तर एक हंगाम घरी बसायचं, दुसरी झाली तर कायमचं बाहेर. हा नियम ह्यूगोदाजींनीच लिहिलाय. तुझी पहिली चूक १९८९ सालची, माझ्या वहीत आहे.

कॅम्पच्या भिंतीवर नियमांचा कागद आहे ना, त्यावर ‘पक्का नर असा दिसतो’ म्हणून चित्र आहे, त्याच्याशेजारी मंडळींनी तुझा फोटो धरून पाहिला. सगळ्यांचं मत एकच पडलं, तीन वर्षांचा. डॉक्टर प्रुइट तर म्हणाला की बाईंनी पाडस मारलं. तो जमीनमालक लॉक्रिजचा जावई आहे आणि डिसेंबरात भाडेपट्ट्यावर नव्यानं सह्या व्हायच्यात, हे तुला सांगायला नको.

मला एक सुचतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं कारण सांगून तू आपणहून बाजूला हो. दोन ओळी लिहून दे, कुणी चकार शब्द काढणार नाही. २६ तारखेला बैठक आहे. जबडा तेवढा रीतसर पाठव, दात बघून वयाची वहीत नोंद करावी लागते.

शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल दे, पण माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा,
एल्रॉय


ब्लुमेनफेल्ड,
१२ नोव्हेंबर १९९४

चि. एल्रॉय यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद लिहिलेत ते रीत म्हणून. समोर असतास तर लाटण्यानं दिले असते.

बाजूला हो म्हणे! एकतीस वर्षं मी त्या रानात जातेय. तुझ्या त्या मंडळींपैकी निम्मे तेव्हा लंगोटात होते. आणि माझ्या डोळ्यांचं म्हणशील, तर ऑपरेशन झाल्यापासून मला समोरच्या एवाल्डच्या छपरावरचे खिळे मोजता येतात. तीन गंजलेत. त्याला सांगितलं तर रुसला.

तो नर मी नऊ वर्षं ओळखत होते, एल्रॉय. पाडस होता तेव्हा लॉक्रिजच्या कुंपणात त्याचा मागचा डावा पाय अडकला होता. ह्यूगोनं पक्कडीनं तार तोडून सोडवला. तेव्हापासून तो खूर वाकडा. सहाव्या वर्षी त्याला दहा टोकं होती आणि मी त्याला जाऊ दिलं, कारण बघायला छान वाटायचं. मग शिंगं दरसाल उतरत गेली, म्हाताऱ्यांची उतरतातच. तुझे केस कुठे गेले रे? आणि शरीर बघितलंत का कुणी फोटोत? पोट लोंबलेलं, पाठ मधून खचलेली, मान सरळ छातीत उतरलेली. शिंगांवरून वय सांगणारा माणूस उद्या टोपी बघून माझं वय सांगेल. यंदा त्याच्या तोंडातून मका गळत होता. हा हिवाळा त्यानं काढला नसता, कोल्ह्यांनी जिवंतपणी फाडला असता. म्हणून पाडला. मला भिंतीवर काही टांगायचं नव्हतं. सॉसेज केलेत, चिवट झालेत, तुला पाठवणार नाही.

८९ साली चुकले, ते खरं. ह्यूगो गेल्यानंतरचा पहिला हंगाम होता, नीट न बघताच बार काढला. पण तो जबडा घेऊन तुझ्या दारात मी स्वतः आले होते, कुणी मागायच्या आधी. एक हंगाम बंदुकीला हात लावला नाही, तुम्हा सगळ्यांचं जेवण रांधलं. आता तू सांग, गेल्या वर्षी डॉक्टरनं जो दहा टोकांचा पाडला, त्याची कातडी तू आणि मी मिळून उतरवली. त्याचे कोवळे दात मी पाहिले. मी पाहिले हे तू पाहिलंस. तो जबडा तुझ्या गॅरेजात आहे आणि वहीत त्याच्यापुढे वय लिहिलेलं नाही.

तेव्हा नीट ऐक. आधी डॉक्टरचा जबडा टेबलावर येईल, मग माझा. तोवर माझा डीप फ्रीझरमध्ये वाटाण्यांखाली सुखात आहे.

डोरिसला माझी पापी. तुला काही नाही.

तुझी थोरली बहीण,
लिओना


सॅन अँटोनियो,
१६ नोव्हेंबर १९९४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र डोरिसनं आधी वाचलं. मुरंब्याची रिकामी बरणीही तिला सापडली, त्यामुळे घरी दोन्ही कारणांनी मार बसला.

ताई, तू रागावलीस की तुला फक्त तुझंच दिसतं. मला आठ घरं सांभाळायची आहेत. प्रुइट दुखावला तर तो सासऱ्याच्या कानाला लागेल, सह्या होणार नाहीत, रान जाईल आणि त्याबरोबर दाजींचं मचाणही जाईल. मग तुझा जबडा खरा ठरला काय आणि खोटा ठरला काय! मी वहीत वय लिहिलं नाही, कबूल. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायची छाती नव्हती.

आणि खरं सांगू, मलाही खात्री नव्हती. डॉक्टरचा नर हुबेहूब त्या चित्रातल्यासारखा होता. चित्र कुणाचं आहे, तुला ठाऊकच आहे. माझा १९७८ सालचा, कॅम्पच्या भिंतीवर डोकं लावलंय तोच. सहा वर्षांचा पक्का नर होता. सोळा वर्षं आपण सगळे त्याच्याकडे बघूनच वय ठरवत आलो. तो पक्का असेल तर डॉक्टरचाही पक्का म्हणायला जागा आहे. निदान वाद घालायला जागा आहे.

माझं ऐक, दोन ओळी लिहून दे. दर रविवारी मी तुला गाडीतून रानात फिरवून आणीन, बंदूक नसली म्हणून काय झालं. तुझ्याशी भांडून मला जेवण जात नाही.

तुझा,
एल्रॉय


ब्लुमेनफेल्ड,
२१ नोव्हेंबर १९९४

चि. एल्रॉय यास,
अ. उ. आ. आणि या खेपेला मनापासून.

‘बंदूक नसली म्हणून काय झालं’ हे वाक्य तू लिहिलंस, म्हणून मला पुढचं करावं लागतंय. मला पाहुणी म्हणून त्या रानात फिरवू नकोस. मी तिथली आहे.

या पत्रासोबत खोकं आहे. त्यात दोन जबडे आहेत. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलाय तो माझा. तो बैठकीत ठेव, दात सगळ्यांनी बघू देत. आधी डॉक्टरचा, मग माझा, असं मी म्हटलं होतं. ते आता सोडलं. तू काय ठेवतोस आणि काय लपवतोस, ते तुझं तू बघ.

दुसरा पिठाच्या पिशवीत आहे. तुझा १९७८ चा. ह्यूगो प्रत्येक जबडा साफ करून मांसाला धुरी द्यायच्या खोलीत फळीला तारेनं बांधून ठेवायचा, ते तुला माहीत आहे. हा मात्र फळीवर नव्हता. तो गेल्यावर त्याच्या अवजारांच्या पेटीत तळाशी सापडला, चिठ्ठी बांधलेली. अक्षर त्याचंच आहे. आधी दात बघ, मग चिठ्ठी वाच. उलटं करू नकोस.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. एवाल्डलाही नाही, आणि तोही बैठकीतला आहे, रोज दुपारी इथंच कॉफी पितो. बैठकीत तुझ्या नाकासमोर हा नाचवून मी जिंकले असते, पण तसं जिंकायचं नाही मला. माझ्या हातात आता काही उरलेलं नाही. मी येणारही नाही. सात पुरुषांसमोर परीक्षेला बसल्यासारखी उभी राहायला मी मोकळी नाही, चर्चच्या जत्रेसाठी दोनशे सॉसेज भरायचे आहेत.

पण राजीनामा मिळणार नाही. बाहेर काढायचं असेल तर सगळ्यांनी हात वर करून काढा, आणि तुझा हात सगळ्यात आधी वर जाऊ दे.

थंडी पडलीय, छातीला जप. लोकरीचा विणलेला मफलर कुठे हरवलास ते मी विचारत नाही.

तुझीच, तू कसाही वागलास तरी,
लिओना


सॅन अँटोनियो,
२७ नोव्हेंबर १९९४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दात आधी पाहिले. तू सांगितलंस तसंच केलं. स्वयंपाकघरातल्या खिडकीत धरला तो जबडा. दाढांची टोकं अजून धारदार, मधली काळपट रेघ दोऱ्याएवढी. वय सांगायला चष्माही लागला नाही. मग चिठ्ठी उलगडली. ‘१९७८. साडेतीन वर्षं. एल्रॉयला सांगू नये. फार खूश आहे.’

डोरिस आत आली तेव्हा मी थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की तशीच ठेवून खुर्चीत बसलो होतो. ताई, मी रडलो. दाजींनी दोन वर्षांनी नियम लिहिला, तेव्हा त्यांनी तो कुणाकडे बघून लिहिला ते आता कळलं. आणि मी शहाणा, त्या कागदावर चित्र हट्टानं माझ्याच नराचं लावलं. ते नुसतं बरं म्हणाले होते.

काल बैठक झाली. मी टेबलावर तीन जबडे मांडले, नावं न सांगता. म्हटलं, चला, वय सांगा. पुढाकार अर्थातच डॉक्टरनं घेतला. तुझा उचलून म्हणाला, याच्या दाढा हिरड्यांपर्यंत झिजल्यात, दोन तर पडल्याच आहेत, हा नऊच्या खाली असूच शकत नाही. मग दुसरा उचलला आणि हसला. म्हणाला, हे तर पोर आहे, कुणी पाडलं हे, त्याला आधी बाहेर काढा. मी म्हटलं, डॉक्टर, तो तुमचा. एवाल्डच्या घशात कॉफी गेली, पाठीत गुद्दे घालावे लागले.

डॉक्टर लाल झाला. तेव्हा मी तिसरा उचलला आणि सांगितलं, हाही पोरच आहे, हा माझा, तो भिंतीवर टांगलाय तो. चिठ्ठी मोठ्यानं वाचली. खुर्चीवर चढून डोकं खाली उतरवलं आणि कागदावरचं चित्र फाडलं. मग वहीत डॉक्टरच्या नावापुढे साडेतीन लिहिलं, तुझ्यापुढे साडेनऊ. म्हटलं, नियमाप्रमाणे डॉक्टरांचा एक हंगाम गेला, आणि माझ्या वेळी नियम नव्हता, तरी त्यांच्या सोबतीला मीही घरी बसतो.

डॉक्टर गाडीत बसून निघून गेला. आज लॉक्रिजच्या घरून निरोप आला, भाडेपट्ट्याचं नाताळनंतर बघू. याचा अर्थ काय तो तूही जाणतेस. रान जाईलही. मंडळी माझ्यावर चिडलेली नाहीत, हे नवलच. तुझं नाव पक्कं आहे, निदान रान आहे तोवर.

मी तुला बाजूला हो म्हणालो. ते शब्द परत घेता येत नाहीत, पण माफी मागतो.

तुझा,
एल्रॉय


ब्लुमेनफेल्ड,
१ डिसेंबर १९९४

चि. एल्रॉय यास,
अ. उ. आ., दुप्पट.

माफी मिळाली. एवाल्डनं सगळं हातवारे करून सांगितलं, घशातली कॉफी सोडून. ती तुझ्या पत्रातून कळली.

रानाचं म्हणशील, तर लॉक्रिजला सही करायची तर करू दे, नाहीतर राहू दे. खोट्या दातांवर राखलेलं रान मला नकोच होतं. गेलंच तर ह्यूगोचं मचाण मी खिळा न् खिळा उपटून आणीन आणि मागच्या अंगणात उभं करीन. तिथं बसून एवाल्डच्या कोंबड्यांची वयं सांगीन. पण अजून गेलेलं नाही. तेव्हा शनिवारी पहाटे मी नेहमीसारखी तिथं असणार, आणि कुणाची हिंमत असेल त्यानं उतर म्हणून सांगावं.

तू बंदूक न आणता ये. एक हंगाम घरी बसायचं म्हणजे जेवण रांधायचं, ही रीत मी पाडली आहे. बटाटे तू सोलायचेस. डॉक्टर आलाच तर कांदे त्याला दे, आणि मी हसणार नाही असं त्याला माझ्याकडून कळव.

तुझा जबडा मात्र येताना घेऊन ये, त्याला आता फळीवर जागा केली आहे, ह्यूगोच्या शेवटच्या नराशेजारी. चिठ्ठी तीच राहील, ती मी काढणार नाही. खाली एक ओळ वाढवायची आहे, ती तुझ्या हातानं लिही. ‘एल्रॉयला सांगितलं. त्यानं सगळ्यांना सांगितलं.’

मफलर नवा विणलाय. या खेपेला हरवलास तर मात्र माया खरंच पातळ होईल.

तुझी ताई,
लिओना