डाव्या डोळ्यावरची फुली

मंगळ. ४ नोव्हें.
पार्सल आलं. टॅब १, त्याचं पेन १, स्क्रीनखाली लावायची कॅमेऱ्याची पट्टी १. सगळं रुपाच्या कॉलेजचं, आपल्याला फुकट. आणायला ऑटो ७० रु. (उपास, नाहीतर चालत गेले असते.) रुपा, दादाची मुलगी, पुण्याला कॉम्प्युटरचं शिकते, उद्या येणार. साडीच्या काठाची नक्षी मी चौकटीच्या कागदावर कशी उतरवते, ते तिला यंत्रावर पाहायचंय, अन् त्याची फिल्म कॉलेजच्या स्पर्धेत दाखवायचीय.

गुरु. ६
पूजा उरकून बसले. टॅबवर जिथं नजर, तिथलं चौकटीचं घर उजळतं. डाव्या बोटानं ते धरायचं, उजव्या हातातल्या पेननं भरायचं. कागदावर तरी दुसरं काय करते? डावं बोट ओळीवर, नजर पुढची घरं मोजत.
"आत्या, तुले तर शिकवायची गरजच नाही."
"काहून वं, बावीस वर्षं का मी लाडू वळून राहिली होती?"
खूप हसलो.
दुपारी पट्टी अडली. उजवा डोळा सापडे, डावा नाही. रुपानं माझा उजवा झाकला. "बोटं किती?" सांगता येईना. दोन वर्षं झाली, कुणाला कळू दिलं नव्हतं. माग ह्यांचे, ह्यांना कळलं तर नक्षीचं काम जाईल.
तिला देवीसमोर उभं केलं. म्हणाली, "नाही सांगत. फिल्ममध्ये फक्त हात दिसतील."

रवि. १६
पुण्यात रुपाचा पहिला नंबर. दादानं कौतुकानं फिल्म ह्यांच्या मोबाइलवर पाठवली.
हात आहेत. मग माझा चेहरा. उजव्या डोळ्यावर हिरवा गोल. डाव्यावर लाल फुली. लोक टाळ्या वाजवतात.
ह्यांनी तीनदा लावली. "काहून लपवलं वं माह्यापासून?"
"एक तरी घर चुकलं का?"
"अन् लग्नाच्या साडीत चुकलं त?"


सोम. १७
कागद सुनंदाकडे गेले. उचलताना म्हणते, "राहू द्या ताई, आता आराम करा." धाकटी जाऊ. तिला काठ मीच शिकवला.
आज आरतीत लक्ष नव्हतं.

गुरु. २०
पत्राचा कच्चा मजकूर —
चि. रुपा, अनेक आशीर्वाद. फोन करू नको, फोन हे उचलतात. माझा चेहरा फिल्ममध्ये तू घातलास की तुझ्या सरांनी, एवढं उलट टपाली कळव. तूच असशील तरी कळव.