वैशालीच्या लग्नाची सुपारी

मामा,

वर 'प्रिय' लिहिलं नाही, ते मुद्दाम. उद्या वैशालीचं लग्न आहे, तिच्या दारात स्वयंपाकाची भट्टी मला पेटवायची आहे, आणि तू मरून मोकळा झालास! ओरडू कुणावर? म्हणून लिहायला बसलो.

चामोर्शीच्या बाजारातून वांगी घेऊन आलास, ओट्यावर टेकलास, "छातीत धरल्यासारखं वाटून राह्यलं बे" म्हणालास आणि संपलास. आयुष्यात कुठल्या मांडवातून अर्ध्यात उठला नाहीस, आणि स्वतःच्या घरातून असा उठलास? हा कुठला नियम?

तुझ्या तेरवीला दुसरा आचारी लावला होता. वरण इतकं खारट, की तुझ्या हाताखाली जन्मभर पोळ्या लाटलेली सुमनबाई पंगतीतच म्हणाली, "रामदासभाऊ असते तर त्यायनं हा वरणाचा गंज याच्याच डोक्यावर उलटा केला असता." लोक हसले, मग रडले. मला दोन्ही जमलं नाही.

तो दिवस आठवतो तुला? मी लसूण सोलत होतो. वैशालीचे बाबा, देवरावकाका, ताटात नारळ आणि सुपारी घेऊन आले. तू ताटातली सुपारी उचललीस की काम पक्कं, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. तू आधी माझ्याकडे पाहिलंस. वाटलं, नाही म्हणशील. उचललीस!

ते वळणापार गेले तसा मी भडकलो. "मामा, तुले माहीत हाये ना माह्यं अन् तिचं?"

"माहीत हाये."

"मंग काऊन घेतली?"

"नाई म्हटलं असतं तर गावानं इचारलं असतं, रामदासनं देवरावले काऊन नाई म्हटलं? अन् त्याचं उत्तर त्या पोरीच्या नावावर गेलं असतं. समजते का? चाल, लसूण सोल. रागात बारीक पाकळ्या फेकून राह्यला तू."

मला तेव्हा तुझा इतका राग आला होता मामा, की लसणाची टोपली लाथाडून निघून गेलो. समजलं होतं, म्हणूनच जास्त आला. आजही तेवढाच आहे. तिच्या नावाची काळजी केलीस. माझी कुणी करायची?

तुझा शब्द, तुझा शब्द! लहानपणापासून हेच ऐकलं. दुसऱ्या आचाऱ्याकडे पाणी भरत तू सुरुवात केलीस, सायकलच्या कॅरियरला गंज-पातेली बांधून चिखलातून गेलास. भामरागडकडच्या त्या लग्नात अवकाळी पावसानं पूल बुडाला, नवरदेव नदीच्या अलीकडे अडकला, पण आचारी नावाड्याच्या डोंग्यात गंज टाकून पलीकडे पोचला. वऱ्हाड आलं तेव्हा भात तयार होता! मग आलापल्लीपासून लोक यायला लागले. लग्नाची तारीख आधी रामदासला विचारायची, मग भटजीला. हे तू कमावलंस, मान्य. पण ते माझ्या गळ्यात बांधून का गेलास?

आणि बघ, सुटायची वाट चालून आली होती. तेरवीनंतर देवरावकाका आले. मोठ्या मनाचा माणूस. म्हणाले, "रामदास गेला, तुम्ही दुःखात आहात. सुपारी मोडली असं मी समजत नाई. दुसरा आचारी पाहून घेतो." सुमनबाई माझ्याकडे बघत होती. 'पाहा दुसरा' एवढं म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं!

पण मला वैशाली आठवली. तिची सोयरीक जुळायच्या आधी मी तिला बसस्टॉपवर गाठलं होतं. म्हटलं, घरी सांग माझ्याबद्दल. ती म्हणाली, "सांगू तरी काय? पोरगा काय करते म्हणून बाबानं इचारलं तर? कालेज अर्ध्यात सोडलं. डायव्हरी शिकत होता, थे सोडलं. पोलीस भरतीच्या पळण्याले गेला, थेबी सोडलं. प्रफुल, एक दिवस मलेबी सोडशील तू."

मामा, तिला मी कधीच सोडलं नसतं. पण हे पटवायला माझ्याकडे एकही पुरं केलेलं काम नव्हतं. एकही! चंद्रपूरच्या कॉलेजात हजेरीवरून सरांशी भांडून निघालो तेव्हा केवढी मर्दुमकी वाटली होती. ती बसस्टॉपवर कामाला आली नाही.

म्हणून देवरावकाकांना म्हणालो, "आमची सुपारी परत नसते."

सुमनबाईनं डोळे पुसले आणि लगेच टोमणा मारला, "बोलला मोठा! मीठ किती टाकतेत थे तरी माहीत हाये का तुले?"

नाही माहीत! अंदाजानं टाकायचास, चवीला बोट लावायचास, आणि मी विचारलं की म्हणायचास, "पाहत राह्य, येते." पाहत होतो मी, पण भट्टीकडे नाही, रस्त्याकडे, ती जाते का म्हणून. तुला ते दिसत होतं. एक कानाखाली का दिली नाहीस? सगळ्यांना वेळेवर जेवू घातलंस आणि मला तेवढं शिकवायला वेळ ठेवला नाहीस. याची माफी तुला नाही.

आज तिच्या अंगणात भट्टीचा चर खणून आलो. जळण रचलं. हळदीच्या अंगानं ती खिडकीत उभी होती. माझ्याकडे बघितलं. मी कुदळ उचलून निघालो. काय बोलणार? वांगी कोवळी मिळाली, हे?

तर ऐक. उद्या पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत एकही माणूस उपाशी उठणार नाही. वरण खारट होणार नाही, दहा वेळा चाखीन. तिच्या सासरच्यांचं ताट मी स्वतः वाढीन. तिची पाठवणी होईल, बाया रडतील, गाडी सुरू होईल, तेव्हा मी मागच्या अंगणात गंज घासत असेन. शेवटचा गंज पालथा घातल्याशिवाय तिथून हलणार नाही. हा माझा शब्द, तुझा नाही.

मग घरी येऊन रडेन. तुझ्यासाठी की तिच्यासाठी, ते विचारायचं नाही.

तुझ्यावर अजून चिडलेला तुझा भाचा,
प्रफुल